ठकीचा डावा बूट

गिऱ्हाइकाने बूट काढून दिला की बूटवाला आधी तो उलटा करायचा. कुठे फाटलंय, किती टाके पडतील, ते सगळं नंतर. टाच बाहेरच्या अंगाला झिजली असेल तर दिवसभर उभं राहणारा माणूस, चवडा झिजला असेल तर कायम घाईत असणारा, असे त्याचे ठोकताळे होते आणि दहातले नऊ बरोबर निघत. एकदा एका कारकुनाला त्याने तोंडावरच विचारलं होतं, "साहेब, हल्ली जिने फार चढता वाटतं?" तो बिचारा बदली रद्द करून घ्यायला तिसऱ्या मजल्यावर खेटे घालून बेजार झालेला. "माणूस थापा मारतो, तळ मारत नाही," असं बूटवाला सगळ्यांना सांगायचा. त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं: "मग माझ्या बापाने लग्नाआधी तुमचा तळ बघायला हवा होता."

त्यांना एकच लेक, दहा वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत. तिचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड, म्हणून डावा बूट बूटवाला स्वतः करायचा. हलक्या बुचाचे थर एकावर एक चिकटवायचे, खाली रबर लावायचं, घोट्याला मऊ चामड्याचा आधार द्यायचा. चार रविवार त्यात जात. असा बूट वर्षभर सहज टिके.

त्या वर्षी मात्र तो दोन महिन्यांत फाटला. पुढचं टोक खरवडून निघालं होतं, बुचाची कड तुटली होती. बूटवाल्याने तो उलटा केला आणि निदान ठोकून दिलं: पोरगी पाय उचलत नाही, फरफटवते.

"ठके, पाय उचलून टाकायला काय होतं गं?"

"उचलते बाबा."

"मग हा तळ काय म्हणतोय?"

ठकीने तळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग रोज शाळेतून आल्यावर दुकानात कवायत सुरू झाली. दारापासून शिलाई मशीनपर्यंत खडूची रेघ, आणि तिच्यावरून वीस फेऱ्या. बूटवाला आरी चालवता चालवता ओरडायचा, "उचल! उचल!" बायको चिडायची. "पोरीच्या मागे किती हात धुऊन लागाल?" पण ठकी रोज वीसच्या वीस फेऱ्या पुऱ्या करायची. तरी बूट झिजायचा तो झिजतच होता. शेवटी त्याने टोकाला लोखंडी नाल ठोकली आणि कडेने पट्टी फिरवली. बूट चांगलाच जड झाला.

त्याच सुमाराला शाळेतल्या इतर पोरांचे बूटही दुकानात येऊ लागले. दुखणं सगळ्यांचं एकच, पुढचं टोक फाटलेलं. "फुटबॉलचं वेड लागलंय वाटतं," बूटवाला म्हणायचा आणि आया हसायच्या. त्याने प्रत्येक टोकाला आतून दुहेरी चामडं लावलं. "आता हाणू दे खुशाल," तो म्हणाला.

एके दिवशी ठकीचा बूट हातात तोलताना त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "जड होतो का गं? काढून टाकू का लोखंड?"

"नको नको, राहू द्या बाबा," ठकी घाईघाईने म्हणाली. "जड झाला ते बरं झालं. आता लांब जात नाही."

"काय लांब जात नाही?"

ठकीने जीभ चावली. पण आई ओले हात पुसत बाहेर आली, जवळ बसली, आणि मग हळूहळू सगळं निघालं. मधल्या सुट्टीत वर्गातली पाच पोरं तिचा बूट ओढून काढत आणि मैदानभर लाथाडत. तो आणायला ठकीने एका पायावर उड्या मारत जायचं. बाकीचे टाळ्या पिटत उड्या मोजायचे.

"आधी पार भिंतीपर्यंत जायचा," ती म्हणाली. "आता अर्ध्यातच थांबतो."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणता ना, तळ खोटं बोलत नाही. मला वाटलं, मी पायपण फरफटवत असेन."

बूटवाल्याने बूट पुन्हा हातात घेतला. ओरखडे टोकाच्या वरच्या अंगालाही होते. पाय फरफटवणाऱ्याचा बूट वरून कशाला खरवडेल? शिकाऊ माणसालाही कळली असती ही गोष्ट, आणि हा महिनोन्‌महिने त्या ओरखड्यांवर पॉलिश फासत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. समोरच्या फळीवर तिच्याच वर्गातले तीन जोड तयार होते, दुहेरी टोकाचे. ते पाहून तो पोरीसमोर ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो शाळेत गेला आणि तो बूट मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवला. शाळेने काही केलं नाही असं कोणी म्हणू नये. बाईंनी पाचही जणांना वर्गासमोर उभं केलं, माफी मागायला लावली आणि बजावलं, यापुढे हिच्या वाटेला जो जाईल त्याचं नाव शाळेतून काढीन. एक आई दुकानात येऊन, "लहान आहेत हो, मस्करी करतात," म्हणाली आणि आपल्या पोराचा जोड उचलून गेली. बूटवाल्याने ठकीला लोखंडाशिवाय नवा, हलका बूट करून दिला. खडूची रेघ पुसून टाकली.

वर्षभराने ठकीचा पाय वाढला. माप द्यायला ती दुकानात येऊन बसली आणि बूट काढून तिने स्वतःच बापाच्या हातात दिला.

"बघा बाबा, या वेळी किती जपून वापरला."

त्याने बूट उलटा केला. रबरावरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. शाळा समोरच्या गल्लीत, त्यामुळे जाण्यायेण्याने टाच जेमतेम घासलेली, बस्स. दहा-अकरा वर्षांच्या पोरांचे वर्षभर वापरलेले तळ त्याने शेकड्याने पाहिले होते. असा एकही नव्हता.

"मधल्या सुट्टीत काय करतेस गं?"

"बाकावर बसते."

"कोणाबरोबर?"

"बाईंनी सांगितलंय ना सगळ्यांना, हिच्या वाटेला जायचं नाही," ठकी म्हणाली आणि तिने कागदावर पाय ठेवला. "घ्या ना माप."

बूटवाला पेन्सिलीने पायाभोवती रेघ काढू लागला. आतून बायकोने विचारलं, "काय म्हणतोय तळ?"

"छान आहे," तो म्हणाला. "अजिबात झिजला नाही."