मशीन बंद होतं, अंडी उबदार होती

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. राहात्याला माझं छोटंसं दुकान आहे. बिघाड झाला म्हणजे त्याला कारण असतंच, ही माझी एकुलती एक श्रद्धा, आणि तिच्यावरच घर चालतं. "आपोआप बंद पडला हो" म्हणत गिऱ्हाईक आलं की मी आधी कीबोर्ड उलटा करतो... त्यातून चहा निघतो. त्यामुळे या ग्रुपवरचे चकव्याचे, हडळीचे अनुभव मी आवडीने वाचतो आणि मग शांतपणे जेवायला जातो. आज स्वतःच लिहायला बसलोय. हसणारे हसतील, कारण माझ्या गोष्टीतलं भूत — असलंच तर — एक कोंबडी आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरालगतच्या एका वाडीत. दाजी ट्रकवर असतात, त्यामुळे घर, शेत, गुरं, कोंबड्या सगळं तिच्या अंगावर. तिच्याकडे एक तांबडी कोंबडी होती. ती एकदा खुडूक होऊन अंडी उबवायला बसली की अंडी कोणाची, हे विचारायची नाही. आख्ख्या वाडीच्या बायका आपापली अंडी तिच्याखाली आणून ठेवायच्या. कोणाचं कोणतं हे कळावं म्हणून अंड्यावर कोळशाने खूण करायची — कोणाचा ठिपका, कोणाची रेघ, कोणाची फुली. तांबडी सगळी उबवायची. माझं आणि तिचं मात्र कधी जमलं नाही. ती बसायची त्या डालग्याजवळून नुसता गेलो तरी मनगटावर टोच मारायची. अक्का म्हणायची, "तुझ्या हाताला वायरींचा वास येतो, तिला न्हाई आवडत."

गेल्या वर्षी तांबडी अंड्यांवरून जरा दाणे खायला उठली आणि परसात मुंगसाने तिला धरलं. खालची अंडी तशीच राहिली, गार झाली. फोनवर सांगताना अक्का रडत होती. मी म्हणालो, "अगं, कोंबडीच ती." तर तिने फोनच ठेवून दिला, आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

पाठोपाठ मानमोडीचा रोग आला आणि वाडीतल्या बहुतेक कोंबड्या गेल्या. ज्या थोड्या जगल्या त्या अस्सल गावरान, काटक. त्यांचीच पिल्लं वाढवायची असं बायकांच्या गटाने ठरवलं. पण उबवणार कोण? उरलेल्यांपैकी एकही खुडूक बसेना. शेवटी राहुरीकडच्या एका बंद पडलेल्या पोल्ट्रीतून अंडी उबवायचं जुनं मशीन आणलं. दिसायला फ्रिजसारखं, दाराला काच, आत अंडी हळूहळू फिरवणारे रोलर, बाहेर एक कंट्रोल बॉक्स आणि त्याला जोडलेला माझ्या दुकानातला म्हातारा कॉम्प्युटर.

ते बसवतानाच आमचं भांडण झालं. मला ते खिडकीपाशी, प्लगजवळ हवं होतं. अक्काला मागच्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे तांबडीचं डालगं असायचं तिथेच हवं होतं. "अंडी बसवायची जागा बदलायची न्हाई," म्हणाली. मी निमूट वायर लांबवली. मग तिने आत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. वीज कडाडली की अंडी नासू नयेत म्हणून तसं ठेवायची पद्धत आहे.

"अगं अक्का, आत सेन्सर आहे!"

"आसू दे की. वीज कडाडल्यावर तुझा सेन्सर काय अंडी पोटाशी धरनार हाय?"

आता मुख्य गोष्ट. ऐन थंडीचे दिवस होते आणि आमच्या छकुलीचं जावळ ठरलं होतं. जावळाचे केस आत्याने ओटीत झेलायचे ही आमच्याकडची रीत. अक्काला आमंत्रण दिलं तर म्हणाली, "मशीनमधे सगळ्यांची अंडी हायेत रं. लाईटीचा भरोसा न्हाई. टाकून कशी येऊ?" खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. लग्नानंतर ती माहेरी धड चार दिवस राहिलेली नाही. प्रत्येक वेळी गाय, नाहीतर पाऊस, नाहीतर सासूचं आजारपण. मला तिला हक्काने घरी न्यायचं होतं, बायकोच्या हातचं आयतं खाऊ घालायचं होतं. म्हणून मीच डोकं लढवलं. मशीनच्या प्रोग्रामचं नवीन व्हर्जन आलं होतं. ते टाकलं की मशीनची खबर मोबाईलवर येते, ऊब कमी झाली तर लगेच मेसेज. मग अक्का चार दिवस आधीच राहात्याला येऊन, वेळ पडली तर शेजारी फोन करून अंडी राखू शकली असती.

जावळाच्या आधीच्या आठवड्यात मी वाडीवर गेलो आणि सकाळीच कामाला बसलो. सेटअप म्हणालं, आधी जुनं व्हर्जन काढतो. काढलं. मग म्हणालं, मला अमुक एक नवी फाइल लागते. ती माझ्याकडे होती, दिली. तर ती फाइल म्हणाली, मला सिस्टीमच नवीन लागते. आणि नवीन सिस्टीम त्या कंट्रोल बॉक्सची जुनी केबल ओळखणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. लग्नात असतं ना... मामा आल्याशिवाय काका जेवणार नाहीत, आणि काका उठल्याशिवाय मामा मांडवात पाऊल टाकणार नाहीत. अगदी तसं. बरं, मागे फिरावं म्हणून जुनं व्हर्जन परत टाकलं, तर तेही उघडेना. त्याला लागणारी जुनी फाइल पुसून नवी तिच्या जागी ठाण मांडून बसली होती.

कंट्रोल बॉक्सवर लाल दिवा लागला. हीटर बंद, रोलर बंद. हीटरला थेट वीज दिली असती तर त्याला वेळेवर थांबवायला कोणी नव्हतं, अंडी उकडलीच असती. म्हणून मी हीटरचा प्लगच काढून जमिनीवर ठेवला. आत सगळ्या वाडीची अंडी होती. जगलेल्या मोजक्या कोंबड्यांची अंडी. ती गेली असती तर पुन्हा मागायला अक्का कोणत्या तोंडाने जाणार होती?

तेवढ्यात शेजारच्या हिरामावशी दारात आल्या. ठिपक्याची अंडी त्यांची.

"काय गं, तांबडा दिवा का लागलाय?"

"काय न्हाई मावशी," अक्का म्हणाली, "सुन्या मशीन साफ करतोय. लई धूळ झाल्ती."

मावशी गेल्या. मला वाटलं आता अक्का माझी खरडपट्टी काढणार. तिने फक्त विचारलं, "व्हईल ना रं?" त्यापेक्षा तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जुनी फाइल हवी होती, आणि वाडीत रेंज येते ती फोन-मेसेजपुरती. डाउनलोडला राजूर गाठणं भाग होतं. आम्ही मशीनला चहूबाजूंनी गोधड्या गुंडाळल्या. मी अक्काला बजावलं, "काही झालं तरी दार उघडू नकोस. आहे ती ऊब कोंडून राहू दे." ती उंबऱ्यातच बसली. मी दाजींची मोटरसायकल काढली.

राजूरला नेमका बाजार. गर्दीत रेंज असून नसल्यासारखी. दुकानातल्या पोराने आधी चुकीचीच फाइल पाठवली, मी त्याला फोनवर नको नको ते बोललो. बरोबर फाइल हातात पडेपर्यंत उन्हं कलली होती. घाट चढताना बोटं गारठली आणि माझ्या डोक्यात एकच — आतली अंडी आता माझ्या बोटांएवढीच गार असणार. हिरामावशींना काय सांगायचं याची मी वाक्यं जुळवत होतो.

अक्का उंबऱ्यातच होती. मला बघून उठली नाही. बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सुन्या, आत आवाज येतोय."

मी कान दिला. खोल, घशातल्या घशात... कुडुक, कुडुक. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून करते तो आवाज. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. मी म्हणालो, "पंखा घासत असेल." आणि म्हणता म्हणता माझी नजर खाली गेली. प्लग मी ठेवला होता तसाच जमिनीवर होता. कॉम्प्युटर बंद. लाल दिवासुद्धा विझलेला, कारण वाडीची लाईटच गेलेली.

गोधडी बाजूला करून काचेतून थर्मामीटर पाहिलं. पारा जिथे असायला हवा बरोबर तिथेच होता.

मी दार उघडलं आणि आत हात घातला. ऊब होती. हीटरची कोरडी ऊब नव्हे... जरा दमट, मऊ. आणि तेवढ्यात मनगटावर टोच बसली. चांगली सणसणीत. मी "आई गं!" म्हणून हात मागे ओढला. मनगटावर लाल ठिपका. आत अंड्यांशिवाय काही नव्हतं. आणि अक्का — एवढ्या सगळ्यात — तोंडावर पदर धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि वरून हसू.

"वायरींचा वास," ती म्हणाली.

मग तिनेच दाखवलं. सकाळी अंडी खुणेप्रमाणे ओळीत होती — ठिपके पुढे, रेघा मधे, फुल्या मागे. आता सगळी मिसळली होती. कडेची मधे, मधली कडेला. खुणासुद्धा काही वर, काही खाली. "कोंबडी आशीच करती," अक्का म्हणाली. "कडंचं अंडं गार पडतं म्हनून चोचीनं मधी वढती."

"तू दार उघडलंस."

"तुझ्या गळ्याशप्पथ न्हाई."

अक्का माझ्या गळ्याची खोटी शपथ घेणार नाही. हे मी माझ्या श्रद्धेविरुद्ध लिहितोय, पण हे मला माहीत आहे.

लाईट आली तशी मी जुनी फाइल जागेवर टाकली. जुनं व्हर्जन मुकाट उघडलं, हिरवा दिवा लागला, रोलर फिरले. अपग्रेडचा नाद मी तिथेच सोडला, पण पुन्हा काही बिघडलं तर जवळ असावं म्हणून पिल्लं निघेपर्यंत वाडीवरच राहिलो. पुढे पिल्लं निघाली. एखाददुसरं अंडं सोडलं तर सगळी. हिरामावशी ओंजळीत पिल्लू धरून मलाच आशीर्वाद देत होत्या, आणि मी चोरासारखा उभा होतो.

तुम्ही म्हणाल, गोधड्यांनी ऊब धरली. शक्य आहे. वाढीला लागलेल्या अंड्यांची स्वतःचीही थोडी ऊब असते, तेही मी वाचलं. पण डोंगरावरच्या थंडीत, एवढा वेळ, पारा तसूभर न हलता? रोलर कलंडून अंडी मिसळली म्हणावं, तर माझ्या हाताने हलवून पाहिलं, एका ओळीतलं अंडं दुसऱ्या ओळीत जाऊच शकत नाही, मधे पट्टी आहे. आणि टोच? एखादी उघडी तार असेल म्हणून मी सगळं मशीन खोलून पाहिलं. तार नव्हती.

एवढं होऊनही अक्का यायला तयार नव्हतीच. पिल्लं नुकतीच निघालेली, त्यांना खोक्यात बल्बच्या उबेला ठेवलेलं. "लाईट गेली तर मरतील रं," म्हणाली. जावळ दुसऱ्या दिवसावर आलं होतं. मी एकटाच निघायच्या तयारीने सकाळी बॅग भरली आणि मागच्या खोलीत निरोप घ्यायला गेलो.

खोक्यात पिल्लं नव्हती. बल्ब चालू, खोकं आडवं, आत एकही नाही. मग मशीनशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बारीक चिवचिव ऐकू आली.

सगळी तिथे होती. बल्बची ऊब सोडून, गार जमिनीवर. पण एकमेकांवर चढून गोळा झालेली नव्हती, थंडीत पिल्लं होतात तशी. गोल करून बसली होती, डोळे मिटून, अंग सैल सोडून. आणि मधे एका कोंबडीएवढी जागा मोकळी होती. एक पिल्लू हवेत जराशा उंचीवर टेकल्यासारखं दिसत होतं, मान कशावर तरी ठेवून. मी दोनदा डोळे चोळले. कोणत्याही पिल्लाने आयुष्यात कोंबडी पाहिलेली नव्हती. मशीनमधून थेट खोक्यात आलेली पोरं ती.

मी हात पुढे केला नाही. धीरच झाला नाही, आणि खरं तर करावासाही वाटला नाही.

अक्काने मूठभर कण्या आणून त्या मोकळ्या जागेपुढे ठेवल्या, पाण्याची वाटी ठेवली, हिरामावशींना हाक मारून "दोन टाइम दानं टाका" सांगितलं आणि पिशवी भरायला गेली. इरकल लुगडं, छकुलीसाठी शिवलेलं झबलं, पायलीभर तांदूळ. मोटरसायकलवर माझ्यामागे बसून माहेरी आली.

जावळाचे केस तिने ओटीत झेलले. माझ्या बायकोच्या हातचं आयतं जेवली, दुपारी चक्क झोपली. चार दिवस राहिली. काळजी मलाच. बाहेर वारा सुटला की, घरची लाईट गेली की मी विचारायचो, "अक्का, मावशींना फोन लावू का? पिल्लांचं बघतो."

छकुलीला मांडीवर थोपटत ती म्हणायची, "कशाला रं? ती बसलीय तिथं."