कोरा रकाना

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात मी कृषी खात्याकडून तुळजापूरजवळच्या एका सरकारी फळबागेत दर सोमवारी किडीच्या पतंगांच्या मोजणीची वही तपासायला जायचो. बागेचे माळी साठीचे असतील. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, मामा म्हणायचो. दिवेलागणीला ते पाण्याच्या घमेल्यावर कंदील टांगायचे. उजेडाला आलेले पतंग पाण्यात पडायचे. सकाळी बाभळीच्या काट्यानं एकेक उचलून मामा कागदावर मांडायचे, मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे.

प्यायलाच टँकरचं पाणी, म्हणून घमेल्यात ते आपल्या अंघोळीचं साबणाचं पाणी ओतायचे. "किड्याला मरायला गोडं पाणी कशाला लागतंय?" म्हणायचे.

वैशाखात पतंग येईनासे झाले. तरी मामा रोज पाणी गाळून बघायचे आणि शून्य लिहायचे. एका सोमवारी त्या शून्यांमध्ये मला एक रकाना कोरा दिसला.

"त्या दिशी ताप व्हता. उठलोच न्हाय," मामा म्हणाले.

"शून्यच असणार की, मामा. कोरं दिसलं तर वरचे साहेब मला विचारतील." मी पेन उघडलं.

मामांनी रकान्यावर पालथा हात ठेवला. "म्या बगितलं न्हाय, तर शून्य कसं? साहेबानं इचारलं तर मला बोलवा."

मी हात निघायची वाट पाहिली. तो निघाला नाही. वही तशीच वर गेली.

पुढं नोकरीभर मी अशा वह्या तपासल्या. शून्यं पुष्कळ भेटली. कोरा रकाना पुन्हा कुठंच दिसला नाही.