टाकळ्याच्या अर्काची चकती

भाद्रपदातला शुक्रवार, सकाळ. हजर: थोरला दादा, वहिनी आणि मी. ठिकाण: साताऱ्यातलं रुग्णालय, दादाची खाट.

दादा फौजेतून निवृत्त होऊन पाटणजवळच्या गावी राहायचा. त्याला साखरेचा आजार. बुटानं टाच सोलली, ती जखम चिघळत वर सरकली. पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादा सही करत नव्हता.

"आधी माझ्या टाकळ्याचं काय हुतंय ते बघू."

सांगलीच्या एका कॉलेजात मी जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करते. टाकळ्याची कोवळी पानं आपण पावसाळ्यात भाजीला खुडतो, गजकर्णावर चोळतो. त्या पानांचा अर्क जंतूंना रोखतो का, हे आम्ही तपासत होतो. पानं दादाच सावलीत वाळवून पाठवायचा. आता त्याच्याच जखमेतले जंतू मी सांगलीला नेऊन वाढवले होते आणि त्यांच्यावर अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवली होती.

मोबाईलवरचा फोटो त्याच्यापुढं धरला. चकतीभोवती स्वच्छ कडं होतं. तिथं जंतू उगवले नव्हते.

"मेलं की गं, तायडे! काय म्हातारे, माझ्या भाजीला नाक मुरडत हुतीस न्हवं?"

"भाजीला न्हाई, आवं, तुमच्या हातच्या फौजी मिठाला," वहिनी म्हणाली.

मग मी शेजारची चकती दाखवली. तिच्यात टाकळा नव्हता, पानं भिजवायचं नुसतं स्पिरिट होतं. तिच्याभोवतीही तेवढंच कडं. घाईत चकत्या पुरत्या सुकल्या नव्हत्या.

"म्हंजे?"

"म्हणजे स्पिरिटनं मारलं, दादा. टाकळ्याचं काहीच कळत नाही."

"मग स्पिरिट लाव की."

"वरवर असतं तर लावलं असतं. हाडात गेलंय."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादानं माझ्यापुढं हात केला.

"आण कागद."

सवयीप्रमाणं त्यानं हुद्दा आणि नंबर घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी पाय काढला. तोवर जंतू रक्तात उतरले होते. पुढच्याच आठवड्यात दादा गेला.

त्याच्या जखमेतले जंतू कॉलेजच्या फ्रीजमध्ये, एका नळीत, अजून जिवंत आहेत. चकत्या नीट सुकवून प्रयोग परत करायचा आहे, मग ती नळी निर्जंतुक करून टाकायची आहे. पानं आहेत, स्पिरिट आहे. अजून हात लावलेला नाही.