साखळीवरची जागा

माझा थोरला भाऊ मुंबईत मोटारींना दारं बसवायचा. बोर्ली पंचतनच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथं मोटार पाहिलेलं माणूस तेव्हा विरळाच, त्यामुळे त्याचं काम घरी समजावून सांगणं मोठं कठीण असे. आई विचारायची, "दार म्हंजे आपल्या घराला असतं तसंच?"

"तसंच," दादा म्हणायचा, "पण ह्ये घर पळतं."

आधी तो गिरणीत होता. पुढे बंदराजवळ मोटारी जोडायचा कारखाना निघाला. ओळखीच्या मुकादमाने शब्द टाकला आणि दादा तिकडे लागला. मोटारी परदेशातून सुट्या भागांत, मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत. कारखान्यात जमिनीलगत एक लांब लोखंडी साखळी फिरे. तिच्यावर मोटारीचा सांगाडा हळूहळू पुढे सरके आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं आपापला भाग त्याला जोडत. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि कामही एकच. दादाकडे डावं दार होतं. उजवं दार त्याने कधी बसवलं नाही.

मी त्या वेळी मुंबईतच कॉलेजात शिकत होतो. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिला. आज मला कोणी शिकलेला माणूस म्हणतं तेव्हा दादाचे हात आठवतात. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत आम्ही राहत असू. खिडकीखालची उजेडाची जागा त्याने भांडून माझ्या पुस्तकांसाठी राखली होती. रविवारी तो कोमट पाण्यात बोटं बुडवून बसे. सबंध आठवडा पाना धरून ती अशी आखडलेली असत की भाताचा घास करतानाही नीट मिटत नसत.

कारखान्याबद्दल तो तक्रारीच्या सुरात बोलत नसे, पण बोलण्यातून कळायचं. पत्र्याच्या छपराखाली दुपारी उभं राहवत नसे. रंगाच्या खोलीतली माणसं तोंडाला फडकं बांधून फवारा मारत, तरी त्यांची थुंकी मोटारीच्या रंगाची पडे. लघवीला जायचं तर पितळेचा बिल्ला घेऊन जावं लागे आणि एका अख्ख्या रांगेला बिल्ला एकच. सगळ्यांत वाईट म्हणजे साखळीचा वेग. गोरा साहेब हातात घड्याळ घेऊन फिरायचा आणि काम तुंबलं नाही असं दिसलं की वेग थोडा वाढवायला सांगायचा. "डोळ्यांना कळत न्हाय," दादा म्हणायचा, "पायांना कळतं. कालपरवा गाडी माझ्यापुढनं जायची तवा मी एका जागी उभा असायचो. आता तिच्यासंगती चालाया लागतो."

एका सकाळी रंगाच्या खोलीतला एक किहीमचा माणूस बिल्ल्याची वाट बघून थकला आणि तसाच बाहेर गेला. परत आला तेव्हा साहेबाने त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. दुपारपर्यंत साऱ्या कारखान्याने हत्यारं खाली ठेवली होती. साखळीचा वेग कमी करा, बिल्ला बंद करा, आमचा माणूस परत घ्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

संध्याकाळी मैदानात सभा झाली. दादाबरोबर मीही गेलो होतो. युनियनचे सेक्रेटरी कळकळीने सांगत होते, "फाटक सोडू नका. रोज सकाळी फाटकावर उभे राहा." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोलीवर येऊन पाहतो तर वळकट्या बांधणं सुरू होतं.

कारण शिमगा आला होता. आमच्याकडे होळी झाली की ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि गावातल्या एकूण एक घरी जाते. बायका ओटी भरतात, खालूबाजा वाजतो, पुरुष पालखी खांद्यावर नाचवतात. शेवटचं घर होईपर्यंत देवी देवळात परतत नाही. पुढचा खांदा आमच्या घराचा मान. वडील गेल्यापासून तो दादाकडे होता. पण कारखान्यातून शिमग्याला रजा मिळत नसे, म्हणून गेली काही वर्षं चुलते त्याच्या जागी उभे राहत होते आणि ते दादाच्या मनाला खात होतं.

शिवाय आमच्या माणसांना संपाची रीत ठाऊक होती, ती गिरणीतली. गिरणीचा संप म्हणजे महिनोन् महिने. मुंबईत बसून खायचं काय? आगबोट धरायची, गावी जायचं, संप मिटला की परतायचं. साचा, म्हणजे आपला माग, आपली वाट बघत थांबलेला असतो. दादा स्वतः एकदा असा गेला होता आणि परत येऊन त्याच साच्यावर उभा राहिला होता. आताही त्याने तेच धरलं. भाऊच्या धक्क्यावर मी त्यांना पोहोचवायला गेलो, तेव्हा बोटीवर हसणं, शिव्या, ढोलकी, असा सगळा शिमग्याचाच थाट होता.

मी कॉलेजसाठी मागे राहिलो. काही दिवसांनी सहज फाटकाकडे गेलो. घाटावरून आलेल्या, काम शोधणाऱ्या माणसांची तिथे रांग लागली होती. मुकादम त्यांना आत घेत होता. अडवायला युनियनचे थोडे लोक होते, पण आमच्या बाजूचे, ज्यांच्यावर सगळी भिस्त होती ते, तिथे नव्हते. आत साखळी फिरत असल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

मी दुसऱ्या दिवशीची बोट धरली. दिघीला आगबोटीतून मचव्यात, मचव्यातून किनाऱ्यावर उतरलो आणि तिथून चालत निघालो. गावात शिरलो तेव्हा पालखी एका अंगणात नाचत होती. दादा पुढच्या खांद्याला होता, अनवाणी, गुलालाने माखलेला. इतका आनंदी मी त्याला मुंबईत कधी पाहिला नव्हता. पालखी टेकली तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"मिटला काय संप?" त्याने विचारलं.

"नाही. दादा, ते नवी माणसं घेतायत. कारखाना चालू झालाय."

त्याच्याबरोबर साखळीवर उभा राहणारा आमच्याच वाडीतला एकजण मागून हसला. "घेऊ दे की! दोन दिसांत बोटं तोडून घेतील नि पळतील. कालेजात ह्येच शिकवतात व्हय रं, भ्यायला?"

"मी डोळ्यांनी पाहिलं. उद्याची बोट धरा."

दादाने गावकाराकडे पाहिलं. गावकार म्हणजे गावकीचा मुख्य, वयाने सगळ्यांत मोठा. तो शांतपणे म्हणाला, "खालची वाडी ऱ्हायलीय. मानाचा खांदा मधेच काढून कसा चालंल? बघ बाबा, तुझा तू."

वहिनी ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. ती हळूच मला म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. हितला भात खोताला घालून काय ऱ्हातं?" पण तिला स्वतःलाही देवीसमोर मोठ्याने ते बोलवेना.

"बारकं हायस तू," दादा मला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "डावं दार बसवायला मला शिकाया किती दीस लागले ठावं हाय? कोण यील नि लगेच बसवील? खालची वाडी करतो नि येतो."

आणि तो पालखीखाली गेला.

खालची वाडी झाली, देवी देवळात बसली आणि आम्ही सगळे मिळून मुंबईला आलो. तोवर संप उरलाच नव्हता. फाटकावर मुकादम भेटला. त्यानेच दादाला कामाला लावलं होतं, म्हणून तो नजर टाळत होता.

"जागा भरल्या रे," तो म्हणाला. "ही काय गिरणी हाय? एका माणसाला एक काम. आठवड्यात शिकतात लोक."

"माझ्या दारावर कोण हाय?" दादाने विचारलं.

मुकादम पाठ फिरवून आत गेला. बाकीचे ओरडले, फाटक हलवलं, शिपायांनी त्यांना रस्त्यापलीकडे लोटलं. दादा त्यात नव्हता. तो एका बाजूला, जेवणाची शिट्टी होईपर्यंत उभा राहिला. मी म्हटलं, "चल दादा." तो हलेना.

शिट्टी झाली, माणसं बाहेर आली. त्यांतल्या एका घाटी तरुणाला दादाने थांबवून विचारलं, "डाव्या दारावर कोण असतं?"

"मीच," तो म्हणाला आणि दचकून दोन पावलं मागे सरला. मारतील असं त्याला वाटलं असावं. दादाने त्याचे हात पाहिले. बोटांची सालटं निघालेली होती, एकाला चिंधी गुंडाळलेली.

"वरच्या बिजागरीत सापडतं ना बोट?"

"सापडतं. गाडी पुढं जाती नि बोल्ट बसत न्हाई. साहेब वरडतो."

"आधी खालचा बोल्ट लाव, निम्मा. मग दार गुडघ्यावर घे. वरचा आपसूक बसतो." दादाने गुडघा वाकवून, हवेत दार धरून दाखवलं. त्या माणसाने तसाच गुडघा वाकवून पाहिला.

आमच्या वाडीतला तो सोबती धावत आला. "येडा झालास काय? आपली जागा खाल्ली त्यानं, नि त्यालाच शिकवतोस?"

"न्हाय शिकला तर त्यालाबी काढतील," दादा म्हणाला. "मग तिसरा यील."

त्याच आठवड्यात तो गावी गेला. खाडीपलीकडे आगरदांड्याच्या धक्क्यावर बोटीचा माल उतरवायचं काम त्याने धरलं. माझं शिक्षण थांबू देणार नाही, असं त्याने चुलत्यांकडून वदवून घेतलं होतं. ते थांबलं नाही. पण खोलीतल्या खिडकीखाली बसून वाचताना शेजारी त्याच्या वळकटीची रिकामी जागा दिसे आणि पानं उलटत नसत.

मुंबईला तो पुन्हा कधी आला नाही. पदवी घेऊन मी घरी गेलो तेव्हा त्याने माझा हात हातात घेतला. धक्क्यावरच्या ओझ्यांनी त्याचा तळवा रुंद आणि खरखरीत झाला होता. बोटं मात्र आता सहज मिटत होती. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने माझा हात सोडला, आपली मूठ एकदा मिटून उघडली आणि कामावर निघून गेला.