शिट्टीताई आणि तलावातला योगवर्ग

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर ती जीवरक्षक होती, पण तसं तिला कुणी म्हणत नसे. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती शिट्टीताई. पोरं काठावरून पळाली की शिट्टी. कुणी खोल बाजूला रेंगाळलं की शिट्टी. "घरी नवऱ्याने दूध उतू घालवलं तरी वाजवत असेल," असं स्वयंपाकी म्हणायचा. म्हणू दे मेल्याला! लहानपणी बापाने कमरेला रिकामा डबा बांधून तिला पाण्यात ढकललं, तेव्हाच बजावलं होतं, "ओरडतोय त्याचं नंतर बघ. गप्प झाला त्याच्याकडे आधी धाव." त्या एका वाक्यावर तिची अख्खी नोकरी निघाली होती. तिच्या तलावात आजवर कुणी बुडालं नव्हतं आणि याचा तिला अभिमान होता. का नसावा?

सुट्ट्यांचा हंगाम लागला की हॉटेल ओसंडून वाहायचं. लोक विश्रांतीला यायचे आणि घरची कटकट बरोबर बांधून आणायचे. सासू एका खोलीत रुसलेली, पोरं दुसरीत भांडताहेत, नवरा फोनवर साहेबाला समजावतोय. म्हणून यंदा मॅनेजरने टूम काढली, सकाळी तलावात योगवर्ग. मास्तर मोठे गोडबोले. आधी भराभर श्वास घ्यायला लावायचे आणि मग म्हणायचे, "आता श्वास रोखून धरा, पालथे तरंगा, अंग सोडून द्या."

पहिल्याच सकाळी सगळेच्या सगळे पालथे पडले. हात हलेना, पाय हलेना. जे दिसलं की शिट्टीताईने उडी मारायची, तेच तलावभर पसरलं होतं. तिच्याही नकळत शिट्टी वाजली.

झालं! कुणाच्या नाकात पाणी गेलं, कुणाला ठसका लागला. एक बाई तर कडाडल्याच, "आम्ही ताण घालवायला आलोय की वाढवायला?"

मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. "ही त्यांची साधना आहे, बाई. वर्ग चालू असताना शिट्टी नाही, उडी नाही. पुन्हा असं झालं तर घरी बसायचं."

घरी नवरा आधीच पाय मोडून बसलेला. तिने मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी ती डोळ्यांत तेल घालून उभी राहिली. पाण्यातून डोकं वर आलं की तिचा जीव भांड्यात पडे, आणि लगेच पुढच्या डोक्यासाठी पुन्हा टांगणीला लागे. वर्गात एक टकले गृहस्थ होते, कारखान्यातले हिशेबनीस. त्यांची बायको काठावर खुर्ची टाकून बसली होती.

"ह्यांना घरी झोपच नव्हती हो," ती शिट्टीताईला सांगत होती. "इथे आल्यापासून कसे गाढ झोपतात."

"ताई, आज घाबरायचं नाही हं," गृहस्थ पाण्यातून हसत म्हणाले. "आज मी सगळ्यांच्या शेवटी उठणार."

सगळे उठले. ते उठले नाहीत.

"बघा," मास्तर हळूच म्हणाले, "याला म्हणतात सोडून देणं." कुणीतरी "वा!" म्हणालं. बायको कौतुकाने बघत होती. शिट्टीताईला मात्र त्यांची बोटं दिसत होती. मघाशी ती पाण्यात जराशी चाळवत होती, आता नव्हती. ती काठाशी आली आणि तिने मागे पाहिलं. दारात मॅनेजर उभा होता. त्याने नकारार्थी मान हलवली.

आणि ती थांबली. किती वेळ? एक श्वास घेऊन सोडावा, दुसरा घ्यावा, तेवढाच. मग तिने उडी घेतली.

"अहो, अहो!" मास्तर ओरडले. तिने गृहस्थांना उताणं केलं. ओठ काळेनिळे पडले होते. काठावर ओढून तिने छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, पुन्हा दाबली. ओल्या अंगाने सगळे नुसते बघत राहिले. रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉक्टरांनीही पुष्कळ खटपट केली आणि शेवटी हात काढून घेतले.

मास्तर जो भेटेल त्याला सांगत सुटले, "दम पुरेना, तर त्यांनी हात वर करायला हवा होता." शिट्टीताईला रडूही येईना. स्वतःची इतकी चीड तिला कधीच आली नव्हती.

बायको तिच्याजवळ आली. "ताई, मला वाटलं, ते नुसते पडलेत," ती म्हणाली. "मला पाण्यातलं काय कळतंय? पण तुम्ही बघत होता ना?"

तिच्या पाठीमागून मॅनेजर हाताने खुणावत होता, बोलू नकोस.

"बघत होते," शिट्टीताई म्हणाली. "मला कळलं होतं."