तिसऱ्या वाटेवरचा डबा

आमच्या शेजारणीला सगळे पडदेवालीच म्हणतात. जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले, स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर. जीभ अशी, की माप घेतानाच गिऱ्हाईकाला उसवून ठेवायची.

तिचा एकुलता लेक गेल्या वर्षी अपघातात गेला आणि ती जीभ आत गेली. त्याची खोली तिनं होती तशी ठेवली. त्यानं बसवलेला वायफायचा डबा चालू, शेजारी त्याचा मोबाइल चार्जिंगला. दाराच्या फटीतून हिरवे दिवे लुकलुकायचे. मी मुद्दाम बघत नसे हो, पण दिसायचेच, आणि अंगावर काटा यायचा.

इकडे माझ्या नातीचं ऑफिसचं काम घरूनच. साहेब बोलता बोलता पडद्यावर थिजायचा, तोंड उघडं टाकून. त्यानं ताकीद दिलेली, असंच चाललं तर दुसरी नोकरी बघ. नातीनं शोध लावला. म्हणाली, "आज्जी, या डब्यांना वाटा असतात, चॅनल म्हणतात त्यांना. वरचे पहिल्या वाटेवर, आपण सहाव्या. काकूंचा तिसऱ्या, म्हणजे दोघांच्या मध्ये पाय पसरून बसलाय. अकराव्या वाटेवर गेला तर कुणाचा कुणाला धक्का नाही."

आम्ही दोघी गेलो.

"काकू, नाव तेच, पासवर्ड तोच. नुसती वाट बदलते."

"त्यानं लावलंय ते. हात लावू नकोस."

"अगं, पोरीची नोकरी जाईल," मी म्हटलं.

"घरात बसून पगार खाते, तिला काय धाड भरलीय!" बऱ्याच दिवसांनी टोमणा आला, पण नजर त्या डब्यावरच. "तो जिन्यात असतानाच त्याचा फोन घर ओळखायचा. टुणकन वाजायचा. मी गॅस पेटवायची. आता वाट बदलली नि त्याला घर सापडलंच नाही तर?"

मी तिचा हात धरून खोलीच्या दारात उभी राहिले. शेवटी तिनंच नातीला मान डोलावून खूण केली.

नातीनं स्वतःच्या फोनवर बोट फिरवलं. डब्याचे दिवे विझले. लेकाच्या मोबाइलवरची वायफायची खूणही गेली. पडदेवालीनं माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली.

दिवे लागले. फोन टुणकन वाजला.

पडदेवाली गर्रकन वळली आणि दारातून बाजूला झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सरक ना, वाटेत काय उभी राहिलीस?"

मी सरकले.