पुण्याच्या गोळ्या

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याच्या मते माझ्या पोटात काही राहत नाही, आणि बाकी सगळ्या बाबतींत ते खरंच आहे. एवढं एकच राहिलं. आता तुम्हाला सांगायला लागलेय — आणि थांबवतही नाहीये!

आधी माझं काम सांगते. मी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये घरी बसून मेडिकल कोडिंग करते. डॉक्टरांनी पेशंटबद्दल जे लिहिलंय ते वाचायचं आणि त्याला विम्याच्या बिलासाठी ठरलेला कोड लावायचा. कंटाळवाणं वाटलं ना? अहो, मला वेड आहे त्याचं! त्यातही माझा लाडका म्हणजे मेडिकेशन रिव्ह्यूचा, औषधांच्या आढाव्याचा कोड. पेशंटच्या सगळ्या औषधांची यादी हवी, आणि डॉक्टरनं ती तपासल्याची नोंदही हवी. बहुतेक वेळा एक असतं तर दुसरं नसतं. दोन्ही सापडलं की मी खुर्चीत टुणकन उडते. आणि सगळी औषधं म्हणजे सगळी — दुकानातून आणलेली, काढे, चूर्णंसुद्धा. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

शैलाकाकू आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायच्या. काका गेलेले, मुलगा निखिल दूर अ‍ॅशबर्नला. त्याच्याकडे जायचं नाव काढलं की हसायच्या. सत्तरी उलटली तरी स्वतः गाडी चालवायच्या, आणि काय चालवायच्या! दर हिवाळ्यात पुण्याला जाऊन यायच्या. एकदा चेकअपला मला सोबत घेऊन गेल्या. ‘तू त्यातली आहेस, तुला कळतं.’ मी काय फुगले होते म्हणून सांगू!

तर आम्ही तिथे बसलोय. नर्स एकेक औषध वाचतेय, काकू मान हलवताहेत, आणि स्क्रीन मला दिसतोय. वर्षानुवर्षं मी हे सगळं घडून गेल्यावर वाचत आले, आणि आज ते माझ्यासमोर घडत होतं! यादी भरत होती, डॉक्टर आता येणार होते. माझा कोड माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होता. हसाल तुम्ही — पण अंगावर काटा आला होता.

तेवढ्यात काकूंनी माझ्या कोपराला हात लावला. ‘अगं मृणाल, त्या पुण्याच्या गोळ्या सांगू का? डोकं जड झालं की घेते मी.’ पर्समधून त्यांनी प्लास्टिकची पिशवी अर्धी बाहेरही काढली होती. नर्सनं माझ्याकडे बघितलं. आणखी काही आहे का?

‘नो, दॅट्स ऑल,’ मी म्हणाले. आणि काकूंना हळूच, ‘राहू दे काकू, उगाच कन्फ्युजन होईल.’

का म्हणाले? घाई कुणालाच नव्हती. तिकडची नावं, नर्सला सापडली नसती, सगळं अडकलं असतं — आणि मला ते कसं स्वच्छ, पूर्ण झालेलं बघायचं होतं. त्या चुरगळलेल्या पिशवीची थोडी लाजही वाटली. हे चुकीचं आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? डॉक्टर आले. प्रेशर वाढलेलं दिसलं, यादी बघून त्यांनी गोळीचा डोस वाढवला. मी खुशीत हसत होते.

थोड्याच दिवसांत काकू इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं. पुण्याची गोळीही प्रेशरचीच निघाली. त्या दिवशी त्यांनी दोन्ही घेतल्या होत्या.

निखिल अ‍ॅशबर्नहून धावत आला. ‘आई, डॉक्टरला का नाही सांगितलंस? धिस इज सीरियस, आई!’

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायला पुरेसा वेळ होता. मग त्याच म्हणाल्या, ‘विसरले रे.’

मला वाचवलं त्यांनी. मी गप्प बसले असते तर निदान नुसती भित्री ठरले असते. पण मी — मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘पुढच्या वेळी आठवणीनं सांगा हं, काकू.’

आई विसरते, हे तिथेच ठरलं. गाडी विकली, घर सोडलं, निखिल त्यांना घेऊन गेला. इथे गणपतीत कुणी ना कुणी म्हणतंच, बिचाऱ्या शैलाकाकू, विसरायला लागल्या होत्या. मीही मान डोलावते.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज बारीक झालाय आता. ‘मृणाल, एक विचारू? त्या दिवशी नर्ससमोर मी तुला गोळ्यांचं बोलले होते, असं मला सारखं वाटतं. की नव्हते बोलले? इथे काही आठवून सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही गं.’

‘नाही हो काकू,’ मी म्हणाले. ‘तुम्ही काहीच बोलला नव्हतात.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘तू सांगतेस म्हणजे तसंच असणार.’